जपानी काष्ठमुद्राचित्रांतील अद्भुत प्राणी व त्यांच्या प्रतिकृती

जपानमध्ये एडो काळात (१६०३–१८६८) व त्यानंतरच्या मेजी काळात (१८६८–१९१२) लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांत राक्षस, भुते, रूप पालटणारे कोल्हे, महाकाय कोळी, भूकंप घडविणारा मासा अशा कल्पित जीवांच्या चित्रांना मोठे स्थान आहे. या जीवांना जपानी भाषेत सामान्यतः ‘योकाई’ आणि मृतांच्या अतृप्त आत्म्यांना ‘यूरेई’ असे म्हणतात. ही चित्रे ‘उकियो-ए’ म्हणजे क्षणभंगुर जगाची चित्रे या व्यापक परंपरेत मोडतात. प्रस्तुत नोंदीत या चित्रांचा आणि विशेषतः पुढील काळात निघालेल्या त्यांच्या प्रतिकृतींचा समीक्षात्मक परामर्श घेतला आहे. या चित्रांच्या जुन्या प्रती जगातील मोजक्या संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत आहेत. बहुसंख्य रसिकांना त्यांचा परिचय होतो तो ग्रंथांतील छापांतून, भिंतीवर लावावयाच्या चित्रांतून आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावरून. म्हणून प्रतिकृतीने मुळातील काय राखले आणि काय गमावले, हा प्रश्न येथे कलेच्या आस्वादाचाच प्रश्न ठरतो.

मूळ आणि प्रत : रंगचित्राच्या बाबतीत मूळ चित्र एकच असते व इतर सर्व त्याच्या नकला असतात. काष्ठमुद्राचित्राला हा नियम लागू पडत नाही. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखन करी. तो कागद रानचेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवून कोरणारा कारागीर त्याच्या रेषा राखून बाकीचे लाकूड काढून टाकी. या क्रियेत चित्रकाराचे रेखन नष्ट होत असे. मग मुख्य रेषाठशाच्या प्रती काढून चित्रकार त्यांवर रंगांची योजना दाखवी व प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा कोरला जाई. सर्व ठसे एकमेकांशी नेमके जुळावेत म्हणून फळीच्या कडेला ‘केंतो’ नावाच्या खुणा कोरीत. कागद ठशावर पालथा ठेवून त्याची पाठ ‘बारेन’ या चपट्या, गोल साधनाने घासून छाप उठविला जाई. या सर्व कामावर प्रकाशकाचे नियंत्रण असे. भांडवल त्याचे, विषयाची निवड बव्हंशी त्याची आणि सरकारी रोष झाल्यास दंडही प्रायः त्यालाच. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबु याच्या चित्रांपासून अनेकरंगी छपाई रूढ झाली. तिला ‘निशिकी-ए’ म्हणजे जरीकामासारखी चित्रे असे नाव पडले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या कलेत हरवलेल्या रेखनाच्या पलीकडे ‘अस्सल’ असे एकमेव चित्र नाही. पहिल्या खेपेतील प्रती आणि ठसे झिजल्यानंतरच्या प्रती यांच्या दर्जात फरक असतो, परंतु दोन्ही अस्सलच होत. प्रकाशक खर्च वाचविण्यासाठी पुढील खेपांत रंगठशांची संख्या कमी करी, आकाशातील छटा वगळी किंवा रंग बदली. म्हणजे मूळ आणि प्रतिकृती यांच्यामध्ये स्पष्ट रेषा नसून अनेक पायऱ्यांची उतरंड असते. प्रतिकृतीचे मोल ठरविताना ती या उतरंडीत कोठे बसते, हे प्रथम पाहावे लागते.

कल्पित जीवांची परंपरा : योकाईंची चित्रे मुद्रणापूर्वी हस्तलिखित गुंडाळ्यांतून प्रचलित होती. ‘शंभर राक्षसांची रात्रयात्रा’ हा त्यांतील लोकप्रिय विषय. जुन्या छत्र्या, मडकी, वाद्ये यांना जीव येऊन ती रात्री मिरवत निघतात, अशी त्यामागील कल्पना होती. तोरियामा सेकिएन (१७१२–८८) याने हा विषय मुद्रित ग्रंथांत आणला. १७७६, १७७९, १७८१ आणि १७८४ या वर्षी त्याचे चार सचित्र संच प्रसिद्ध झाले. गुंडाळीत एकामागून एक चालणारे जीव सेकिएनने वेगळे केले. प्रत्येकाला स्वतंत्र पृष्ठ, नाव आणि जोडीला थोडा मजकूर दिला. कोशातील नोंदींसारखी ही मांडणी होती. तीत लोककथांतले जीव होते, चिनी ग्रंथांतले होते आणि शब्दांवरील कोट्यांतून खुद्द सेकिएनने निर्माण केलेलेही होते. पुढील चित्रकारांनी या ग्रंथांचा आधारग्रंथ म्हणून उपयोग केला. विसाव्या शतकातील चित्रकथाकार मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) याच्या कितीतरी योकाईंचे मूळ सेकिएनच्या पृष्ठांत सापडते.

या परंपरेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. घोड्याचे किंवा बगळ्याचे चित्र प्रतिकृतीत थोडे बिघडले, तरी पाहणारा आपल्या अनुभवातील घोड्याच्या आधारे ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. योकाईच्या बाबतीत असा आधार नसतो. निसर्गात त्याचा नमुना नाही. कागदावरील रेषा, रंग आणि शेजारचा मजकूर हेच त्याचे सर्व अस्तित्व. त्यांतील काही बदलले की जीवच बदलतो. या चित्रांच्या प्रतिकृतींना अधिक कठोर कसोटी लावावी लागते, ती याच कारणाने.

प्रतिकृतींचे प्रकार : या चित्रांच्या पुनर्निर्मितीचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार जुन्याच ठशांवरून उशिरा काढलेल्या प्रतींचा. यांत रेषा जाड व तुटक होतात आणि मूळ चित्रकाराच्या हयातीनंतरचे रंग आढळतात. दुसरा प्रकार हाताने पुन्हा ठसे कोरून केलेल्या प्रतिकृतींचा. जपानीत त्यास ‘फुक्कोकु’ म्हणतात. जुनी प्रत समोर ठेवून कोरणारे व छापणारे कारागीर जुन्याच पद्धतीने सर्व काम नव्याने करतात. मेजी काळात पाश्चात्त्य ग्राहकांची मागणी वाढल्यावर या प्रकाराला चालना मिळाली. विसाव्या शतकात प्रकाशक वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) याने नव्या धर्तीच्या चित्रांबरोबर जुन्या चित्रांच्या प्रतिकृतीही काढल्या. १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत त्याचे ठसे व साठा भस्मसात झाला आणि त्याला बरेचसे काम नव्याने उभे करावे लागले. १९२८ मध्ये टोकिओत सुरू झालेल्या आदाची या संस्थेने पुनःकोरीव प्रतिकृतींचे काम सातत्याने चालविले आहे. अशा संस्थांमुळे कोरण्याची व छापण्याची विद्या आजवर टिकून राहिली, हे त्यांचे कार्य चित्रांच्या विक्रीहून मोठे मानले पाहिजे.

तिसरा प्रकार प्रकाशयांत्रिक प्रतिकृतींचा. कॉलोटाइप, ऑफसेट आणि आता अंकीय छपाई यांचा त्यांत समावेश होतो. चौथा प्रकार शोभेच्या वस्तूंचा. चित्राचा एखादा भाग कापून, मोठा करून, रंग भडक करून तो भित्तिपत्रकावर, कापडावर किंवा पेल्यावर छापतात. या चौथ्या प्रकारास प्रतिकृती म्हणावे काय, हा प्रश्नच आहे. तथापि सर्वांत अधिक लोकांपर्यंत तोच पोहोचतो, म्हणून त्याचा विचार टाळून चालत नाही.

दुसरा व तिसरा प्रकार यांतील भेद मूलगामी आहे. पुनःकोरीव प्रतिकृतीत काम करण्याची रीत तीच राहते, पण हात बदलतो. केसांची एकेक बट कोरताना नव्या कारागिराची सफाई मूळ कारागिराहून कमीअधिक असणारच. प्रकाशयांत्रिक प्रतिकृतीत हाताचा प्रश्न येत नाही, परंतु रीत नाहीशी होते. मूळ चित्रात रंग तुतीवर्गीय ‘कोझो’ झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो. काही ठिकाणी रंग न लावता केवळ दाबाने उठाव आणलेला असतो, तर काही ठिकाणी काळ्या रंगावर काळ्यानेच घोटून चमक काढलेली असते. अशी नक्षी कागद तिरपा धरला तरच दिसते. छायाचित्रात तो उठाव व ती चमक बहुधा उतरत नाही. भिंगातून पाहिले असता ऑफसेट छपाईत ठिपक्यांचे जाळे दिसते. ठशावरून छापलेल्या कागदाच्या पाठीवर मात्र रंगाची झिरप व बारेनच्या घर्षणाच्या खुणा आढळतात. दोहोंतील फरक ओळखण्याचा हा साधा व विश्वसनीय उपाय होय.

रेषा, छटा व रंग : कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याची ‘ह्याकु मोनोगातारी’ (शंभर कथा) ही मालिका सु. १८३१–३२ मधील आहे. तिच्या नावामागे एक रात्रीचा खेळ आहे. त्यात शंभर दिवे लावून प्रत्येक भयकथेनंतर एकेक दिवा मालवीत. शेवटचा दिवा विझताच खरे भूत प्रकट होते, अशी समजूत होती. नाव शंभरांचे असले, तरी या मालिकेतील पाचच चित्रे ज्ञात आहेत. एका चित्रात खून झालेला नट कोहादा कोहेइजी मच्छरदाणी वरून खाली ओढून आत डोकावतो. दुसऱ्यात ओकिकु ही दासी विहिरीतून वर येते. दहा थाळ्यांपैकी एक नाहीशी झाल्याच्या कथेमुळे तिचे भूत रोज रात्री थाळ्या मोजते, असे लोक मानीत. होकुसाईने तिची मानच एकावर एक रचलेल्या थाळ्यांची केली आहे. ही कल्पना भयंकर आहे तशीच मिस्कीलही आहे आणि या दोन भावांचा तोल केवळ रेषेच्या नाजूकपणावर उभा आहे. मुखातून निघणारा श्वास इतका विरळ आहे, की तो आहे की नाही असा संशय यावा. शोभेच्या छपाईत बारीक रेषा ठिपक्यांत मिसळून जातात, श्वासाचा ढग ठळक होतो आणि चित्र केवळ विक्षिप्त उरते.

त्सुकिओका योशितोशी (१८३९–९२) याची छत्तीस भुतांची मालिका (१८८९–९२) याच दृष्टीने अभ्यासनीय आहे. तिच्या शीर्षकातील ‘शिन्केइ’ हा शब्द ‘नवे आकार’ या अर्थाने लिहिला आहे, मात्र उच्चारसाम्यामुळे तो ‘मज्जातंतू’ असाही ऐकू येतो. विज्ञानाच्या प्रभावाखाली भुतांना मनाचे विकार समजू लागलेल्या काळावरील ही सूक्ष्म कोटी होय. या मालिकेत कुझुनोहा हिचे एक चित्र आहे. माणसाशी संसार थाटलेली कोल्हीण आपले खरे रूप उघड झाल्यामुळे लहान मुलाला सोडून चालली आहे. मूल तिचे वस्त्र धरून ओढते आहे आणि कागदी सरकत्या दारावर तिची जी छाया पडली आहे, ती कोल्ह्याची आहे. या चित्रातील सर्व करुणा त्या छायेच्या फिकट करड्या रंगात साठविलेली आहे. छाया किंचित गडद झाली की माता लोप पावून जनावर पुढे येते. ती फारच फिकी झाली, तर कथाच कळत नाही. योशितोशीने चित्रांभोवतीची चौकट किडीने खाल्ल्यासारखी विरविरीत कोरवून घेतली आहे. अनेक ग्रंथांत ही चौकट ‘अनावश्यक’ म्हणून कापून टाकलेली आढळते. जुनाट कागदातून हे जीव डोकावत आहेत हा आभास तिच्याबरोबर जातो.

रंगांच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. एडो काळातील काही वनस्पतिजन्य रंग प्रकाशाने व दमट हवेने उडून जातात. एका रानफुलापासून काढलेला नाजूक निळा रंग पिवळसर होतो, तर करडईचा तांबडा फिका पडतो. या उलट १८३० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर वापरात आलेला आयात प्रशियन निळा आणि मेजी काळातील कृत्रिम तांबडे व जांभळे रंग यांचे स्वरूप भिन्न आहे. छायाचित्रावरून केलेली प्रतिकृती उडालेला रंगही इमानाने टिपते आणि काळाने केलेली हानी चित्रकाराच्या माथी मारते. पुनःकोरीव प्रतिकृती हा रंग पूर्ववत करू पाहते, पण तिला अनुमानाचा आधार घ्यावा लागतो. या अनुमानाला पाठबळ मिळते ते उत्तम जतन झालेल्या प्रतींचे. बॉस्टन येथील ललित कला संग्रहालयास विल्यम व जॉन स्पॉल्डिंग या बंधूंनी १९२१ मध्ये सु. ६,५०० जपानी मुद्राचित्रे दिली. रंग अबाधित राहावेत म्हणून ती सार्वजनिक प्रदर्शनात कधीही मांडू नयेत, अशी अट त्यांनी घातली होती. त्यामुळे त्यांतील रंग आश्चर्यकारकरीत्या ताजे राहिले आहेत. सर्वसामान्य माणसाला ही चित्रे प्रतिकृतीवाचून पाहता येणार नाहीत. प्रतिकृती ही येथे मुळाची प्रतिस्पर्धी नसून त्याची रक्षक ठरते.

मजकूर, शिक्के व प्रसंग : या चित्रांच्या कोपऱ्यांत शीर्षकाची चौकट, चित्रकाराची सही, प्रकाशकाची खूण आणि सरकारी अभ्यवेक्षणाचा शिक्का असतो. जपानी लिपी न जाणणाऱ्यास ही केवळ नक्षी वाटते व म्हणून ती वगळण्याचा मोह होतो. त्यामुळे किती हानी होते, हे उतागावा कुनियोशी (सु. १७९७–१८६१) याच्या १८४३ मधील ‘धरणीकोळी’ (त्सुचिगुमो) या चित्रावरून कळते. तीन तावांच्या या संयुक्त चित्रात आजारी सरदार मिनामोतो नो योरिमित्सु झोपी गेला आहे, त्याचे चार वीर सहकारी शेजारी आहेत व मागे प्रचंड कोळी आपले जाळे पसरीत आहे. पाठीमागच्या काळोखात नाना प्रकारच्या भुतांची फौज गर्दी करून उभी आहे. विषय जुना व निरुपद्रवी होता. परंतु १८४१ पासून मिझुनो तादाकुनि या मंत्र्याने कठोर काटकसरीचे व नीतिनियमांचे आदेश काढले होते आणि १८४२ मध्ये नट व गणिका यांच्या चित्रांवर बंदी आली होती. लोकांनी या चित्रातील एका वीराच्या वस्त्रावरील चिन्ह मिझुनोच्या कुलचिन्हाशी ताडून पाहिले, निद्रिस्त सरदारात शोगुनला ओळखले आणि काळोखातील भुतांमध्ये बंदीने नाडलेले धंदेवाले पाहिले. चित्र झपाट्याने खपू लागताच धास्तावलेल्या प्रकाशकाने ते मागे घेऊन ठसे नष्ट केले. तरीही त्याच कल्पनेवर बेतलेल्या चोरट्या आवृत्त्या निघाल्या आणि त्या काढणाऱ्यांना शिक्षा झाल्या.

आज या चित्राची प्रतिकृती पाहताना वस्त्रांवरील चिन्हे अस्पष्ट असली, मागची करडी भुते काळोखात बुडाली आणि साल दिलेले नसले, तर उरतो तो एक मोठा कोळी. कुनियोशीचा हेतू नेमका काय होता याविषयी अभ्यासकांत मतभेद असू शकतात. मात्र प्रेक्षकांनी ते कसे वाचले, हा चित्राच्या इतिहासाचाच भाग आहे आणि तो वाचण्याची सोय प्रतिकृतीने ठेवली पाहिजे.

‘नामाझु-ए’ म्हणजे भूकंप-माशाची चित्रे हे याहूनही बोलके उदाहरण होय. भूमीखाली राहणाऱ्या मोठ्या नामाझु माशाला काशिमा येथील देव एका शिळेने दाबून धरतो, अशी लोकसमजूत होती. नोव्हेंबर १८५५ मध्ये एडो शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तो जपानी पंचांगाचा दहावा महिना होता. या महिन्यात सर्व देव इझुमो येथे एकत्र जमतात, अशी श्रद्धा असल्याने देव परगावी गेल्यामुळे मासा मोकाट सुटला, असे चित्रकारांनी दाखविले. पुढील दोनेक महिन्यांत अशी चित्रे मोठ्या संख्येने निघाली. त्यांचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. काहींत संतप्त लोक माशाला बडवीत आहेत, तर काहींत पुनर्बांधणीमुळे काम मिळालेले सुतार व इतर कारागीर त्याचे आभार मानीत आहेत. अन्य काही चित्रांत तर मासा धनिकांना साठविलेले द्रव्य ओकावयास लावतो. ही चित्रे बहुधा सहीविना व अभ्यवेक्षणाच्या शिक्क्याविना छापली गेली आणि लवकरच सरकारने त्यांना बंदी केली. येथे शिक्का नसणे हाच पुरावा आहे. प्रतिकृतीने जे आहे ते जसे दाखवावे, तसे जे नाही तेही दिसू द्यावे, असे यावरून म्हणता येईल. मजकूर पुसून, मासा एकटा कापून काढला तर तो गमतीदार जलचर होतो. दुःखात, उपहासात आणि आशेत सापडलेल्या शहराचा तो मग साक्षीदार राहत नाही.

कापाकापीतून जन्मलेला प्राणी : कुनियोशीचे सु. १८४४ मधील महाकाय सांगाड्याचे चित्र आज कदाचित सर्व योकाई-चित्रांत सर्वाधिक छापले जाते. बंडखोर सरदार ताइरा नो मासाकादो (मृत्यू ९४०) याची कन्या ताकियाशा ही बापाच्या पडक्या राजवाड्यात मंत्रविद्येने पिशाच्चे जागवते, अशी कथा सांतो क्योदेन याने १८०६ मध्ये लिहिली होती. तीत अनेक सांगाडे आहेत. कुनियोशीने त्यांऐवजी एकच प्रचंड सांगाडा कल्पिला आणि तो पडदे फाडून तीन तावांवर वाकलेला दाखविला. डावीकडे ताकियाशा हातातील गुंडाळी वाचीत आहे, मध्ये ओया नो मित्सुकुनि हा योद्धा झुंजत आहे. हाडांची रचना इतकी अचूक आहे, की कुनियोशीने पाश्चात्त्य शरीरशास्त्राचे ग्रंथ पाहिले असावेत असे मानतात.

शोभेच्या प्रतिकृतींत पुष्कळदा सांगाड्याचा भागच मोठा करून छापतात. मंत्र वाचणारी स्त्री वगळली की सांगाडा कोणाच्याही इच्छेविना, आपोआप प्रकटलेला वाटतो. कथेतील कारण जाते व परिणाम तेवढा उरतो. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की ‘गाशादोकुरो’ या नावाचा महाकाय सांगाडा म्हणून अनेक लोकप्रिय पुस्तके आता या चित्राचा निर्देश करतात. वस्तुतः हे नाव व त्यामागची दंतकथा १९६० नंतरच्या दशकांतील बालवाचकांसाठीच्या लेखनात रूढ झाली आणि तिला रूप मिळाले ते याच चित्रावरून. म्हणजे चित्राच्या प्रतिकृतींतून एक नवा प्राणी जन्मला आणि तो मागे जाऊन आपल्याच जनकाच्या चित्रावर हक्क सांगू लागला. लोककथा अशीच वाढते, हे खरे. पण प्रतिकृतीखाली नाव छापणाऱ्या संपादकाने १८४४ आणि १९६० नंतरचा काळ यांतील फरक सांगणे आवश्यक आहे.

प्रत करण्याची आज्ञा : या सर्व प्रश्नांचे सार एका साध्या, ओबडधोबड छापात सापडते. १८४६ मध्ये निघालेल्या एका वार्तापत्रानुसार हिगो प्रांताच्या समुद्रात रात्री काही चमकत असे. पाहावयास गेलेल्या अधिकाऱ्यास लांब केस, चोच, खवले व तीन पाय असलेला ‘अमाबिए’ दिसला. त्याने सहा वर्षांच्या सुगीचे भाकीत केले आणि रोग पसरल्यास माझे चित्र लोकांना दाखवा, असे सांगितले. या छापाची ज्ञात प्रत क्योटो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्या काळातील अशाच इतर वृत्तांतांत ‘अमाबिको’ या नावाचा प्राणी आढळतो. म्हणून ‘अमाबिए’ हे नाव नकलताना झालेल्या चुकीतून आले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत हजारो लोकांनी या प्राण्याची चित्रे काढून एकमेकांना पाठविली. जपानच्या आरोग्य खात्यानेही त्याचे चित्र आपल्या जनजागृतीच्या पत्रकावर वापरले.

येथे प्रत काढणे हेच त्या प्राण्याने सांगितलेले कार्य आहे. अमाबिएला मोठ्या चित्रकाराचा हात लाभला नाही, उंची कागद किंवा रंग लाभले नाहीत, आणि तरीही त्याच्या नव्या आवृत्त्यांना कोणी खोट्या म्हटले नाही. कारण चित्राबरोबर ‘हे दाखवा’ हा मजकूरही प्रवास करीत राहिला. चित्र आणि मजकूर यांचा संबंध अभंग राहिल्याने ओबडधोबड नक्कलही अर्थपूर्ण झाली. उलट कुनियोशीच्या कोळ्याची अत्यंत गुळगुळीत छपाई हा संबंध तोडल्यामुळे मुकी होते.

मूल्यमापन : जुन्या प्रतीला किंमत व प्रतिकृतीला तुच्छता, हा संग्राहकांच्या बाजारातील सोयीचा निकष आहे, कलेच्या समीक्षेला तो पुरेसा नाही. ज्या कलेचा पायाच अनेक प्रती हा आहे आणि जिचे जीव एकमेकांच्या नकलांतून वाढले, तिच्यात प्रतिकृतीला जन्मतः कमी लेखणे युक्तीचे नव्हे. फसवणूक मात्र निराळी. नव्या प्रतीस जुनी म्हणून विकणे किंवा झिजलेल्या जुन्या प्रतीवर नवे रंग चढवून ती ताजी भासविणे हा अपराध होय. म्हणूनच चांगले प्रकाशक पुनःकोरीव प्रतिकृतीच्या समासात आपला शिक्का उमटवितात. हा प्रामाणिकपणा प्रतिकृतीच्या गुणांतच धरला पाहिजे.

प्रतिकृतीची पारख करताना पुढील गोष्टी पाहाव्यात : संपूर्ण ताव, आणि संयुक्त चित्र असेल तर सर्व ताव, छापले आहेत काय, चौकट, सही, शिक्के व मजकूर राखून त्यांचा अर्थ दिला आहे काय, चित्राचे साल, मूळ आकार आणि कोणत्या संग्रहातील कोणत्या प्रतीवरून काम केले, हे सांगितले आहे काय, रंग त्या प्रतीतील उडालेले आहेत की अनुमानाने पूर्ववत केलेले, याचा खुलासा आहे काय. मूळ आकाराचा उल्लेख किरकोळ वाटेल, परंतु तो महत्त्वाचा आहे. ‘ओबान’ हा रूढ ताव सु. ३८ × २६ सेंमी. असे. तो हातात धरून, जवळून, दिव्याच्या उजेडात पाहिला जाई. भिंतभर मोठे केलेले भूत दुरून भेडसावते. हातातल्या कागदावरचे भूत कानाशी बोलते. ही जवळीक कोणती प्रतिकृती किती प्रमाणात परत आणून देते, हाही तिच्या मूल्यमापनाचा एक निकष मानावा लागेल.

या दृष्टीने पाहता पुनःकोरीव प्रतिकृती कागद, रंग व हाताची जवळीक परत देते. उत्तम प्रकाशयांत्रिक प्रतिकृती एका विशिष्ट जुन्या प्रतीची आजची अवस्था नोंदविते. दोहोंची कामे भिन्न असून एकीने दुसरीची जागा घेऊ नये. अभ्यासकाने दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. सामान्य रसिकाला एकच लाभणार असेल, तर ज्या प्रतिकृतीत कोल्हिणीची छाया फिकी राहिली आहे, कोळ्यामागची भुते मोजता येतात आणि माशाभोवतीचा मजकूर शाबूत आहे, ती साध्या कागदावर असली तरी अधिक विश्वसनीय समजावी.